टॅबलेटची काच फुटली: दुकान, सर्व्हिस सेंटर की घरचं टेबल?

फुटलेल्या काचेचा टॅबलेट बाजारातल्या दुकानात द्यावा, पणजीला अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावा, की काच मागवून घरीच बदलावी, हे गोव्यात डिचोलीला ओळखीचे लोक मला अधूनमधून विचारतात. आमच्याकडे एकाच मॉडेलचे दोन आयपॅड आहेत, १०.२ इंची, होम बटणवाले. एक बाबांचा, भजनाच्या पदांसाठी. दुसरा भाचीचा, शाळेच्या अभ्यासासाठी. बाबांच्या आयपॅडची काच दुकानात बदलून घेतली, भाचीच्या आयपॅडची मी घरी बदलली. दोन्ही आज रोज वापरले जातात, त्यामुळे शेजारी ठेवून बघता येतात. दोन उपकरणांवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही हे मान्य. तरी तुम्ही आता ठरवायला बसला असाल तर यातलं काही उपयोगी पडेल.

आधी तुमच्या टॅबलेटची काच आणि आतला डिस्प्ले वेगवेगळे आहेत की एकमेकांना चिकटवलेले, ते बघा. पुढचं जवळजवळ सगळं यावर ठरतं. साध्या आयपॅडमध्ये, म्हणजे २०१७ च्या पाचव्या पिढीपासून २०२२ च्या दहाव्या पिढीपर्यंत, वरची टचची काच वेगळी आणि खालचा एलसीडी वेगळा असतो, मध्ये हवेची बारीक पोकळी. आयपॅड एअर २०१४ च्या दुसऱ्या पिढीपासून, मिनी २०१५ च्या चौथ्या पिढीपासून आणि प्रो पहिल्यापासून चिकटवलेले आहेत. सॅमसंग, लेनोवो, शाओमीच्या बहुतेक अलीकडच्या टॅबलेटांतही काच आणि डिस्प्ले एकत्रच येतात. दुकानात त्याला कॉम्बो किंवा फोल्डर म्हणतात. नुसतं बघूनही ओळखता येतं. टॅबलेट तिरपा धरला की पोकळीवाल्या पडद्यात चित्र काचेच्या थोडं खाली बसलेलं दिसतं आणि काचेवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. चिकटवलेल्या पडद्यात चित्र काचेवरच छापल्यासारखं वाटतं.

मग नेमकं काय गेलंय ते तपासा. चित्र स्वच्छ आहे, फक्त वर भेगा आहेत, आणि पडदा पोकळीवाला आहे, तर काच बदलून काम भागतं. शाई सांडल्यासारखा काळा डाग, रंगीत उभ्या रेषा किंवा अर्धा पडदा अंधारा असेल तर एलसीडी गेला. टचसाठी एखादं चित्र काढायचं ॲप उघडून बोटाने सगळा पडदा रंगवून काढा. जिथे पट्टी कोरी राहते तिथे टच मेला आहे. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधलं पॉइंटर लोकेशन चालू केलं तर बोटाचा माग रेषेने दिसतो, तेही चालेल. टच पूर्ण गेला असेल आणि टॅबलेट अँड्रॉइडचा असेल, तर ओटीजी केबलने साधा माउस जोडा आणि फोटो, वह्या, कागदपत्रं आधी काढून घ्या. पुढे कोणताही मार्ग घेतलात तरी हे आधी.

चिकटवलेला पडदा आणि फक्त वरची काच फुटलेली असेल, तर नुसती काच बदलायचा बेत घरी करू नका असं मी म्हणेन. काच डिस्प्लेवरून सोडवायला गरम प्लेट आणि तार लागते, नवी लावायला ओसीए नावाचा पारदर्शक गोंदाचा पापुद्रा, तो बसवायला निर्वात यंत्र आणि मग बुडबुडे काढायला दाबाचं भांडं. ही सामग्री मोठ्या दुकानांतच असते. आपण घरी करू शकतो ते म्हणजे पूर्ण कॉम्बो बदलणं. ते एका अर्थी काचेपेक्षा सोपं आहे, कारण मध्ये धूळ अडकायला जागाच नसते. पण कॉम्बो महाग असतो आणि बसवताना तडकला तर सगळे पैसे गेले. म्हणून पुढे जे लिहितो ते मुख्यतः पोकळीवाल्या पडद्याबद्दल आहे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल फार लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. ॲपलकेअर प्लस किंवा सॅमसंग केअर प्लस, म्हणजे पडून फुटलं तरी चालणारी कंपनीची जादा पैशांची योजना, घेतलेलं असेल तर विचार करत बसू नका, सरळ तिकडे जा. टॅबलेट पाण्यापासून सुरक्षित म्हणून घेतला असेल, उदाहरणार्थ २०२३ चा आयपी ६८ मानांकनाचा गॅलॅक्सी टॅब एस ९, तरीही तिकडेच जा, कारण तो सील घरी किंवा साध्या दुकानात पूर्वीसारखा होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तीही विचारा, मात्र पडून फुटलेली काच साध्या वॉरंटीत बसत नाही. या तिन्ही गोष्टी नसतील तर सेंटरचा हिशोब जड जातो. आयपॅडच्या बाबतीत तिथे बहुधा काच बदलत नाहीत, पूर्ण आयपॅडच बदलून देतात आणि पैसेही त्या मानाने घेतात. जुन्या आयपॅडवर तेवढा खर्च करावा का, हा मग वेगळाच प्रश्न होतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं, सुटे भाग आणि वॉरंटीच्या अटी तिथे एका जागी बघता येतात. जाण्याआधी एकदा चाळा, एखादी फेरी वाचेल.

खरी तुलना उरते ती दुकान आणि घर यांच्यात.

दुकानाच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. तो माणूस एका महिन्यात जेवढे टॅबलेट उघडतो तेवढे मी आयुष्यात उघडणार नाही. कोणत्या कडेखाली केबल आहे, कुठे हात सांभाळायचा, हे त्याला न बघता माहीत असतं. भाग चुकीचा आला तर परत पाठवायची कटकट त्याची. उघडताना एलसीडी तडकला तर बरेच दुकानदार तो स्वतःच्या खिशातून बसवून देतात, निदान भले दुकानदार देतात, आणि म्हापसा, मडगाव, फोंडा सगळीकडे तसे भले दुकानदार आहेत. मजुरीही फार नसते. घरी करताना जोखीम पूर्ण आपली.

दुकानाचे त्रास सगळ्यांना माहीत आहेत आणि ते मला तसे मोठे वाटत नाहीत. दुपारी एक वाजता पोचलं की शटर खाली, ते चार वाजता उघडणार. सुटा भाग मुंबईहून यायचा असतो, फोन केला की "फाल्यां सांजे मेळटलें", म्हणजे उद्या संध्याकाळी मिळेल, आणि ती सांज पुढे सरकत राहते. चवथीच्या दिवसांत तर विचारूच नका. यात रागावण्यासारखं काही नाही, गावाकडच्या दुकानाचं गणितच असं असतं. पासवर्ड मागतात तेव्हा मात्र मी थांबतो. बॅकअप घेऊन टॅबलेट फॅक्टरी रिसेट करून देणं सगळ्यात बरं. सॅमसंगच्या बऱ्याच अलीकडच्या मॉडेलांत मेंटेनन्स मोड असतो, तो लावून दिला तर आपले फोटो आणि संदेश न दाखवता त्यांना टच आणि डिस्प्ले तपासता येतो.

माझं मन फिरवलं ते एका कोपऱ्याने.

बाबांचा आयपॅड मंदिराच्या पायरीवर कोपऱ्यावर पडला होता. दुकानातून आला तेव्हा काच चकचकीत, टच ठीक, बाबा खूश. काही आठवड्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्याची काच फ्रेमवरून किंचित वर आली. नखाने जाणवेल एवढीच. बाबा पदांची पानं डाव्या अंगठ्यानेच उलटतात, नेमकी ती कड बोटाला लागायची. दुकानात नेला. त्यांनी एक शब्द न काढता, एक पैसा न घेता परत चिकटवून दिला. पाऊस सुरू झाला आणि कोपरा पुन्हा सुटला. या खेपेला आत ओलही गेली. श्रावणात भजनं रंगात आलेली असताना पडद्याच्या कोपऱ्यात काचेखाली धुकं धरायचं, टॅबलेट तापला की जायचं, थंड झाला की परत यायचं. तेवढ्या भागातल्या ओळी वाचता यायच्या नाहीत आणि बाबा शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचे. चित्र चांगलं, टच चांगला, बॅटरी चांगली, आणि एवढ्याशा कोपऱ्यामुळे वस्तू नकोशी झाली.

असं का होतं ते समजून घेण्यात मी बराच वेळ घातला, कारण उत्तर यातच आहे. टॅबलेट बहुतेक वेळा कोपऱ्यावर पडतो. आयपॅडची फ्रेम ॲल्युमिनियमची, म्हणजे मऊ. कोपरा आत दबतो, तोही केसभर, बाहेरून पटकन दिसत नाही. काच मात्र त्या खाचेत अगदी मापात बसते, तिला इकडे तिकडे सरकायला जागा नसते. दबलेल्या कोपऱ्यात नवी काच दाबून बसवली की ती कायम ताणाखाली राहते. मग एक तर गोंद हरतो आणि कोपरा वर येतो, नाहीतर गोंद जिंकतो आणि एखाद्या दिवशी काही न होता काचेला नवी भेग जाते. दुसरं कारण खाचेच्या तळाशी असतं. जुन्या गोंदाचे थर आणि त्यात रुतलेले काचेचे कण शेवटच्या दाण्यापर्यंत निघाले नाहीत तर नवी काच सपाट बसत नाही.

तिसरं कारण वेळ. दुकानांत सर्रास वापरतात तो बी-७००० गोंद काही मिनिटांत धरतो, पण पुरती ताकद यायला २४ ते ४८ तास घेतो. निदान पहिली रात्र तरी काच दाबून ठेवायला हवी. दुकानदार तो टॅबलेट दोन तासांत तुमच्या हातात देतो, कारण तुम्हाला तो दोन तासांत हवा असतो आणि त्याच्या काउंटरवर पुढची दहा कामं वाट बघत असतात. तुम्ही तो पिशवीत घालून बसमध्ये बसता, घरी चार्जिंगला लावता, तो तापतो, आणि अजून ओला असलेला गोंद सैल पडतो. वर आपली हवा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्या दिवसांत घरातली वहीसुद्धा दमट लागते. दमट पृष्ठभागावर कोणताही गोंद नीट धरत नाही.

म्हणून तिसऱ्यांदा दुकानात न जाता ती काच मी घरी सोडवली. नवी घेतली नाही, दुकानाने बसवलेलीच गरम करून सावकाश काढली, कोपरा सरळ केला, खाच साफ केली, गोंदाची नवी पट्टी लावली आणि काच रात्रभर दाबून ठेवली. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, कोपरा जागचा हललेला नाही. काच तीच, आयपॅड तोच. पुढे भाचीच्या आयपॅडची काच फुटली तेव्हा मी दुकानाचा विचार फार वेळ केला नाही.

घरी करायचं तर काय वाट्याला येतं, ते सांगतो. काच काढताना आधी सगळ्या भेगांवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी आडवी-उभी लावून घ्या, म्हणजे तुकडे उडत नाहीत. डोळ्यांना गॉगल हवाच, साधा चष्मा पुरत नाही. चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा, कारण लिथियम बॅटरीला चुकून टोक लागलंच तर कमी चार्जवर धोका कमी असतो. हेअर ड्रायर एका जागी न धरता कडेने फिरवत राहायचा, गोंद मऊ झाला की सक्शन कपाने काच किंचित उचलायची आणि प्लास्टिकची पातळ चकती, म्हणजे पिक, आत सरकवायची. मग कड कडेने, गरम करत, पुढे जायचं. तव्यावरून आंबोळी सोडवताना जी घाई नडते तीच इथे नडते. पिक आत किती घालायची हे महत्त्वाचं. होम बटणाच्या आसपास आणि खालच्या कोपऱ्यांत अँटेना असतात, काचेची केबल एका कडेखाली असते. तुमच्या मॉडेलची केबल कुठे आहे ते सुरुवात करण्याआधी फोटोत बघून ठेवा.

काच सुटली की खाली एलसीडी चार स्क्रूंनी बसवलेला दिसतो. तो उचलून उलटला की कनेक्टर दिसतात. इथे माझ्या मते या सगळ्या कामातली खरी धोक्याची जागा आहे. या आयपॅडमध्ये बॅटरीचा कनेक्टर सहज सुटत नाही. बॅटरीच्या संपर्कांत पातळ प्लास्टिकची ब्लॉकर पट्टी सरकवून प्रवाह तोडावा लागतो. ते न करता डिस्प्लेची केबल काढली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो आणि नवी काच लावून पडदा काळाच राहतो. ती पट्टी हत्यारांच्या किटमध्ये आहे का ते घेतानाच बघा.

होम बटण दुसरं नाजूक प्रकरण. बोटाचा ठसा ओळखणारं मूळ बटण त्याच आयपॅडच्या बोर्डाशी जुळवलेलं असतं. बाजारात बटण लावलेली तयार काच मिळते आणि सोपी वाटते, पण ती लावली तर बटण दाबलं जातं, ठसा कधीच ओळखला जात नाही. म्हणून जुनं बटण त्याच्या बारीक केबलसह गरम करून सोडवायचं आणि नव्या काचेवर चढवायचं. केबल फाटली तर ठसा कायमचा गेला. बाबांना ठसा हवाच होता, कारण आकडे टाइप करायला चष्मा शोधावा लागतो. दुकानाने त्यांचं बटण जपून काढलं होतं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

मग येते ती खाच. भाचीच्या आयपॅडवर काच काढायला जितका वेळ लागला त्याहून जास्त वेळ मी फ्रेम साफ करण्यात घालवला. प्लास्टिकच्या पट्टीने जुना गोंद खरवडायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसायचं, आडव्या उजेडात बघायचं, परत खरवडायचं. अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते मागे थर सोडतं. दबलेला कोपरा बघायला नवी काच गोंद न लावता नुसती ठेवून बघायची. चारही बाजूंनी ती स्वतःच्या वजनाने खाली बसली पाहिजे. दाबल्यावर बसते आणि बोट काढल्यावर वर येते, म्हणजे तिथे फ्रेम आड येते आहे. बारीक कानशीने आतली कड अगदी थोडी घासायची, भुसा आत पडू नये म्हणून खाली चिकटपट्टी लावायची, परत ठेवून बघायचं. ही ठेवून बघण्याची फेरी दुकानात कुणी तुमच्यासाठी करत बसेल अशी अपेक्षा ठेवणं मला रास्त वाटत नाही. त्यांना येत नाही असं अजिबात नाही. त्या मजुरीत तेवढा वेळ परवडत नाही.

चिकटवण्याआधी सगळं जोडून टच पूर्ण तपासून घ्यायचा, पडदा रंगवण्याची तीच चाचणी. मग धूळ. एलसीडीवर राहिलेला एक कण काचेखाली कायम टोचत राहतो. हातफुग्याने उडवायचा, उरलेला चिकटपट्टीच्या टोकाने उचलायचा. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत काम करावं, म्हणजे धूळ खाली बसते, असा सल्ला बऱ्याच व्हिडिओंत देतात. कोरड्या हवेच्या गावात तो चांगला असेल. आपल्याकडे मी तो मानणार नाही, कारण पोकळीत बंद झालेली दमट हवा पुढे धुकं बनून दिसते. पंखा बंद, दार बंद, आणि एसी असेल तर तासभर आधीपासून चालू, कारण एसी हवेतली ओल काढतो. एसी नसेल तर पावसाळा सोडून कोणताही कोरडा दिवस घ्या. शेवटी गोंदाची पट्टी लावून काच बसवायची, तिच्यावर जाड कापड, त्यावर सपाट फळी, त्यावर पुस्तकं, आणि सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

आता पैशांचं. घरी केल्याने पैसे वाचतात असं मी पहिल्या खेपेपुरतं तरी म्हणणार नाही. काच दुकानदाराला ज्या भावात पडते त्याहून आपल्याला थोडी महागच पडते, त्यात हत्यारं, पट्टी, अल्कोहोल, गॉगल. पहिल्या टॅबलेटला माझा खर्च दुकानाच्या बिलाच्या आसपासच गेला. दुसऱ्यापासून फरक पडतो, कारण हत्यारं घरात असतात. नुसते पैसे वाचवायला म्हणून कुणी या कामात पडत असेल तर मी त्याला दुकानाकडेच वळवेन.

काचेच्या दर्जात दोन्हीकडे फारसा फरक नाही. साध्या दुकानात ओरिजिनल म्हणून दाखवतात ती काचही बहुतेक वेळा बाहेरच्या कारखान्याचीच असते, आपण मागवतो तीही तशीच. दोन्ही काचांवर बोटांचे डाग कंपनीच्या काचेपेक्षा लवकर दिसतात, दोन्ही बोटाखाली थोड्या कमी गुळगुळीत लागतात. बाबांना ते कधी जाणवलं नाही, भाचीला पहिल्या दिवशी जाणवलं आणि मग तीही विसरली. फक्त मॉडेल बघून घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ए ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो विक्रेत्याला द्या, नुसतं इंचांचं माप देऊ नका. २०१७ चा आणि २०१८ चा ९.७ इंची आयपॅड समोर ठेवले तर वेगळे ओळखता येत नाहीत, पण २०१८ च्या मॉडेलवर ॲपलची पेन्सिल चालते आणि त्याची टचची काच वेगळी आहे.

घरच्या कामाचं खरं उणं म्हणजे मनावरचा ताण. काच सोडवताना प्रत्येक कट् आवाजाला आत काहीतरी हलतं. वीज जाण्याचाही प्रश्न असतो. ड्रायर चालू असताना वीज गेली तर गोंद परत घट्ट होतो, म्हणून काम सकाळी लवकर काढा. घरात लहान मूल रांगत असेल तर काचेच्या कणांसाठी बंद करता येईल अशी खोली हवी, आणि संपल्यावर फरशी ओल्या कापडाने पुसून ते कापड टाकून द्यायचं. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना बारीक स्क्रू डोळ्याला त्रास देतात, किंवा ज्यांचं रोजचं काम त्या एकाच टॅबलेटवर अडलेलं आहे, त्यांनी हे करू नये असं मला मनापासून वाटतं. परीक्षेच्या आठवड्यात भाचीचा आयपॅड फुटला असता तर मी स्वतः तो बाजारात नेला असता.

पण पोकळीवाला पडदा आहे, नुसती काच गेली आहे, वॉरंटी संपली आहे आणि दोन दिवस टॅबलेट नसला तरी चालण्यासारखं आहे, अशी परिस्थिती असेल तर माझं माप घराकडे झुकतं. माझ्या हातात दुकानदारापेक्षा जास्त कसब आहे म्हणून नव्हे. मला कोपरा सहा वेळा ठेवून बघायला कुणी अडवत नाही, आणि रात्रभर पुस्तकांखाली ठेवलेला टॅबलेट मागायला कुणी दारात उभं नसतं, एवढ्याचसाठी. तुमच्या गावात असा वेळ देणारा कारागीर असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो, आणि तो बरोबरही असेल.

पाऊस चालू असताना काच फुटली आणि टच शाबूत असेल तर घाई करू नका. भेगांवर पारदर्शक पट्टी लावा किंवा स्क्रीन गार्ड चढवा, बोटं कापत नाहीत आणि ओलही कमी शिरते, आणि दसऱ्यापर्यंत तसाच वापरा. तोवर थांबणं शक्य नसेल आणि दुकानातच द्यायचा असेल, तर देताना भावाची घासाघीस बाजूला ठेवून दोन गोष्टी मागा. काच चिकटवण्याआधी नुसती ठेवून कोपरा दाखवा, आणि आज परत देऊ नका, रात्रभर दाबून ठेवा, मी उद्या येतो. त्यासाठी शे-दोनशे जास्त मागितले तर द्यावेत. दुकानदार हो म्हणाला तर घरच्या कामाचा जो मोठा फायदा मी सांगितला, तो बराचसा तुम्हाला तिथेच मिळेल.